ताडदेवची बाई

२५ एप्रिल २००७ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजने मोत्यांचा एक संच लिलावात काढला. ६८ मोत्यांचा दोनपदरी हार, त्याला कार्तिएचा हिऱ्यांचा फासा, सोबत जुळणारी कानातली, ब्रोच आणि अंगठी. सगळं मिळून ७० लाख ९६ हजार डॉलरला गेलं. संचाचं नाव 'बडोदा पर्ल्स'. मूळ हार सातपदरी होता, गायकवाडांच्या खजिन्यातला, खंडेरावांच्या काळातला. त्यातलेच निवडक मोती घेऊन हा दोनपदरी केलेला.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये अशा वस्तूंखाली एक छोटा परिच्छेद असतो. त्याला प्रोव्हेनन्स म्हणतात. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली त्याची साखळी. या साखळीत एखादा महाराजा असला की किंमत वाढते, दोन असले की आणखी वाढते. म्हणजे विकत घेणारा फक्त मोती घेत नाही, मोत्याचा भूतकाळही घेतो आणि त्याचे वेगळे पैसे मोजतो.

हे सगळं मी वाचत बसलो याचं कारण घरगुती आहे. माझ्या होणाऱ्या बायकोच्या घरी, मुलुंडला, एक जुनी अंगठी आहे. प्लॅटिनमची, मधे एक मोती, दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढे दोन हिरे. साखरपुड्याला नवीन अंगठी घेण्यापेक्षा हीच घालावी असं घरात ठरत होतं, आणि मग तिच्याबद्दल एक गोष्ट कळली. त्या गोष्टीकडे मी येतोच. पण तिच्यामुळे जो प्रश्न पडला तो आधी मांडतो, कारण तो अंगठीपेक्षा मोठा आहे: एखादी वस्तू 'आमच्या घरातली' आहे असं अभिमानाने सांगताना तिच्या भूतकाळातला किती भाग आपण स्वीकारलेला असतो?

माझा पहिला विचार इंजिनिअरचा होता. भूतकाळ हा वस्तूत कुठे असतो? दोन फाइल बाइट बाय बाइट सारख्या असतील तर त्या एकच आहेत. कुठली आधी बनली, कुणी बनवली, याने काय फरक पडतो? मोत्याच्या बाबतीत हा वाद प्रत्यक्ष झालेला आहे. जपानमध्ये मिकिमोटोने १८९३ साली शिंपल्यात माणसाच्या हाताने मोती धरायला लावला. तो अर्धगोल होता. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत पूर्ण गोल मोती बाजारात आले. शिंपला तोच, थर तेच, चमक तीच. फरक इतकाच की आत बीज माणसाने ठेवलं होतं. जवाहिरे इतके हादरले की १९२५ साली लंडनमध्ये खरा आणि कल्चर्ड ओळखण्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. आजही एक्स-रे काढूनच खात्री करतात. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखी वलयं मध्यापर्यंत जातात, कल्चर्डमध्ये आत बसवलेल्या मण्याची कड दिसते. ती सावली दिसली की किंमत कोसळते. डोळ्यांना मात्र काहीच वेगळं दिसत नाही.

किंमत किती कोसळते? १९१७ साली कार्तिएने न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा एक वाडा मिळवला तो मोत्यांच्या एका दोनपदरी हाराच्या बदल्यात. हाराची किंमत १० लाख डॉलर धरली होती. १९५७ साली तोच हार लिलावात सुमारे दीड लाख डॉलरला गेला. वाडा तिथेच आहे, आजही त्यात कार्तिएचं दुकान आहे.

यावरून 'लोक मूर्ख आहेत' असा निष्कर्ष काढता येतो आणि कॉलेजात असतो तर मी तो काढलाही असता. आता काढत नाही. आईने वापरलेली जुनी पोळपाट आणि दुकानातली तशीच पोळपाट यांत मी फरक करतो, तुम्हीही करता. भूतकाळ हा वस्तूचा गुण नसेल, पण वस्तूशी असलेल्या आपल्या नात्याचा तो गुण आहे, आणि नाती खरी असतात. तेव्हा नैसर्गिक मोत्याला, जुन्या अंगठीला जास्त पैसे देणारा माणूस मला मूर्ख वाटत नाही. माझी तक्रार पुढची आहे. भूतकाळाचे पैसे घ्यायचे असतील तर भूतकाळ अख्खा घ्या.

गिट वापरणाऱ्यांना 'स्क्वॉश' माहीत असेल. महिनाभर केलेले शंभर बदल, चुका, रात्री दोन वाजता लिहिलेले शिवराळ मेसेज, हे सगळं दाबून एक स्वच्छ कमिट करायचं आणि त्याला छान नाव द्यायचं. प्रोव्हेनन्स हे असंच स्क्वॉश केलेलं कमिट आहे. 'महाराजा ऑफ बडोदा'. आत काय होतं?

आत सगळ्यात तळाशी इराणचं आखात होतं. आपल्याकडे 'बसरा मोती' म्हणतात, पण बसरा हे बंदराचं नाव. मोती निघायचे बहरैन, कतार, कुवेतच्या उथळ समुद्रात. उन्हाळ्याचे चार महिने होड्या समुद्रावरच असायच्या. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, पायाला दगड, कमरेला किंवा हाताला दोर. दगडाच्या वजनाने खाली जायचं, श्वास पुरेल तितके शिंपले टोपलीत भरायचे, दोराला झटका द्यायचा, वरचा माणूस ओढून घेणार. अशा दिवसाला पन्नास-साठ बुड्या. कान फुटायचे, डोळे जायचे. काही पाणबुडे तर आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. होडीच्या प्रमुखाला म्हणत नाखुदा. आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा' तो हाच शब्द.

पैसा फिरायचा तो असा: मोसमाआधी नाखुदा पाणबुड्याला उचल देणार, घरच्यांना खायला. मोसमाअखेर हिश्शातून ती वळती करणार. हिस्सा कधीच पुरा पडत नसे, हिशोबाची वही नाखुद्याकडे आणि पाणबुडा निरक्षर. उरलेलं कर्ज पुढच्या वर्षावर. नाखुद्याला पैसा व्यापाऱ्याकडून यायचा, आणि आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती. मोती इथे यायचे, इथे निवडले जायचे, भोकं पाडली जायची, इथून पॅरिस-लंडनला जायचे. पाणबुडा कर्जात मेला तर ते कर्ज त्याच्या मुलाच्या अंगावर यायचं आणि मुलगा त्याच होडीवर चढायचा. १९२०च्या दशकात ब्रिटिशांच्या दबावाखाली बहरैनमध्ये सुधारणा झाल्या तेव्हा प्रत्येक पाणबुड्याला स्वतःच्या हिशोबाची वही मिळाली पाहिजे असा नियम करावा लागला. यावरून आधी काय चालत असेल याचा अंदाज करा.

दुसरा थर बडोद्याचा. खंडेरावांना रत्नांचा नाद होता. १८६५च्या सुमाराला त्यांनी मोत्यांचा अख्खा गालिचा करवून घेतला, पंधरा-वीस लाख बसरा मोती त्यात आहेत असं सांगतात. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायचा होता म्हणे. १८७० साली ते वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. नंतर आलेले मल्हारराव. त्यांच्यावर ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप होऊन खटला चालला. (हिऱ्याच्या पुडीने माणूस मरत नाही, पण त्या काळी मरतो असा समज होता. इतकी महाग आणि इतकी निरुपयोगी सुपारी दुसरी नसेल.) आयोगाचं एकमत झालं नाही, तीन विरुद्ध तीन, तरी १८७५ साली मल्हाररावांना गादीवरून काढलं. मग नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला. तोच सयाजीराव.

सयाजीरावांच्या काळात हाच खजिना दोन दिशांना जाताना दिसतो. १९११च्या दिल्ली दरबाराच्या वेळी झाक कार्तिए हिंदुस्थानात आला होता. बडोद्याचे दागिने प्लॅटिनममध्ये नव्याने बसवून द्यायची बोलणी त्याच्याशी झाली आणि दरबारच्या जवाहिऱ्यांनी त्यात मोडता घातला. प्लॅटिनमचं तेव्हा वेड होतं. हा धातू १७६८ अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे सोनाराच्या साध्या भट्टीत तो हलायचाही नाही. ऑक्सिजनच्या ज्योती आल्या तेव्हा कुठे तो दागिन्यात आला, आणि इतका मजबूत की केसासारख्या बारीक तारेने हिरा धरता यायचा. आमच्या मुलुंडच्या अंगठीची जाळीसुद्धा अशीच आहे. समोरून बघितलं तर धातू जवळपास दिसतच नाही, हिरे हवेत ठेवल्यासारखे दिसतात.

दुसरी दिशा तुम्हाला माहीत आहे. १९१३ साली बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. गुणाकार केला तर ४१४ पौंड. या ४१४ पौंडांचं काय झालं ते सांगायला नको. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ही रक्कम कराराने दिलेली होती. शिक्षण झालं की दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. तो करार पाळायला आंबेडकर १९१७ साली बडोद्यात आलेही. बडोद्याने त्यांना राहायला एक खोली मिळू दिली नाही.

आता याच खजिन्याचा पुढचा प्रवास बघा. १ मे १९४९ला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं. हिशोब तपासला तेव्हा महाराजा प्रतापसिंहांनी खजिन्यातून मोठ्या रकमा बिनव्याजी उचलल्याचं आढळलं. सातपदरी मोत्यांचा हार, 'स्टार ऑफ द साउथ' हिऱ्याचा हार आणि मोत्यांचे गालिचे जागेवर नव्हते. महाराणी सीतादेवी तोवर मोनॅकोला स्थायिक होत होत्या. १९५१ साली प्रतापसिंहांना बाजूला करून फत्तेसिंहरावांना गादीवर बसवलं गेलं. हार सातपदरीचा दोनपदरी कधी झाला, हे कॅटलॉगमधल्या एका ओळीत मावतं. गालिचा २००९ साली दोह्यात विकला गेला, ५४ लाख डॉलरच्या वर. म्हणजे आखातातले मोती दीडशे वर्षांनी आखातात परत गेले. पाणबुड्यांच्या नातवंडांना ते बघायला मिळतात, संग्रहालयात.

गरीब विद्यार्थ्याकडून ४१४ पौंडांसाठी करार लिहून घेतला जातो. पाणबुड्याचं कर्ज त्याच्या मुलाला वारशाने मिळतं. आणि खजिन्यातला हार ज्याच्या गळ्यात जातो त्याच्यापाशी येईपर्यंत सगळी देणी 'इतिहास' झालेली असतात. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे कुठेतरी दिसायला लागलं. आपण सरसकट 'जुन्या गोष्टी उकरून काढू नयेत' असं म्हणत नाही. जुनं कर्ज आपण पिढ्यानपिढ्या नीट लक्षात ठेवतो, फक्त ते खालच्या माणसाचं असेल तर. हिंदू कायद्यात बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानलं जायचं आणि २००५च्या दुरुस्तीपर्यंत कोर्टातही ते चालायचं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊनच माणूस जन्माला येतो असं मानणारे आपण. सावकाराचा मुलगा मात्र येणी घेऊन जन्माला येतो.

सावकार हा शब्द मुद्दाम वापरला. आता मुलुंडच्या अंगठीची गोष्ट.

ती तिच्या आजीला १९६६ साली लग्नात सासूकडून मिळाली. कुटुंब तेव्हा गिरगावात चाळीत राहायचं, मुलुंडला नंतर आलं. आजीचे सासरे गिरणीच्या ऑफिसात कारकून होते आणि जोडीला, त्या काळात अनेक जण करायचे तसं, वस्तू ठेवून घेऊन थोडे पैसे उसने द्यायचे. त्यांची एक चोपडी अजून घरात आहे. लाल कापडाची, कोपरे वाळवीने खाल्लेले. साखरपुड्याच्या निमित्ताने अंगठीबद्दल काही सापडतंय का म्हणून तिने ती चाळली. १९४३च्या पानावर एक ओळ आहे: 'पांढरी आंगठी, मोती १, हिरे २. रु. ८५. दरमहा रुपयास पैसा.' नावाच्या जागी लिहिलंय, 'ताडदेवची बाई'. परत नेल्याची खूण इतर बहुतेक ओळींपुढे आहे. या ओळीपुढे नाही.

बस, इतकंच. क्रिस्टीजच्या कॅटलॉगमध्ये राजे आहेत, आमच्या चोपडीत नाव नसलेली एक बाई आहे.

मी वकील नाही, पण कायदा वाचता येतो. १८७२च्या करार कायद्यात गहाणाची कलमं आहेत, १७२पासून पुढे. मुदतीत पैसे आले नाहीत तर गहाण ठेवून घेणाऱ्याला दावा लावता येतो किंवा रीतसर नोटीस देऊन वस्तू विकता येते. स्वतःच मालक होऊन बसता येत नाही. कलम १७७ म्हणतं की मुदत टळली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत गहाण ठेवणाऱ्याला वस्तू सोडवता येते. आमची अंगठी कधी विकली गेलीच नाही. आणि १९६३च्या मुदतीच्या कायद्यात गहाण वस्तू परत मागण्याची तीन वर्षं मोजायला सुरुवात होते ती मागितल्यावर नकार मिळाल्यापासून. कुणी मागितलीच नाही, कुणी नाकारलीच नाही. घड्याळ सुरूच झालेलं नाही. ताडदेवच्या बाईची नात उद्या पावती घेऊन मुलुंडला आली तर अंगठी तिची आहे.

किती पैसे द्यावे लागतील तिला? रुपयाला चौसष्ट पैसे असण्याचा तो काळ. महिन्याला रुपयामागे एक पैसा म्हणजे वर्षाला पावणेएकोणीस टक्के. सरळ व्याजाने ८२ वर्षांचे मुद्दलासकट होतात १३९२ रुपये. चक्रवाढ धरलं तर अकरा कोटींच्या वर जातात. मी दोनदा तपासलं. पण आपल्याकडे दामदुप्पट नावाचा एक शहाणा नियम होता, मुंबई इलाख्यातली कोर्टं हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो पाळत. व्याज कधीही मुद्दलाच्या वर जायचं नाही. बाई हिंदू असेल तर एकूण १७० रुपये. बोरिवली ते मुलुंड रिक्षा याहून महाग पडते.

तिच्या बाबांचं, म्हणजे काकांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते कमकुवत नाही. "अडीअडचणीत तिला पैसे लागले, माझ्या आजोबांनी दिले. बँकेने दिले नसते. चोरी केली का कुणी? आणि असं मागे मागे जात राहिलास तर कुणाचं काय उरेल? तुझी बोरिवलीची बिल्डिंग कुणाच्या शेतावर आहे?" शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आधीच्यालाही पुरतं नाही. १९४३ साली एकट्या बाईला ८५ रुपये देणारा माणूस तिच्यासाठी त्या दिवशी देवच असू शकतो.

आजींचं म्हणणं त्याहून अवघड. त्यांनी ही अंगठी पन्नासहून जास्त वर्षं घातली. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचा श्रीमंत चुलतभाऊ. लिंबाने, घामाने, सेंटने खराब होतो. हिरा सांभाळावा लागत नाही, मोती सांभाळावा लागतो. आजी स्वयंपाकाला बसण्याआधी अंगठी काढत, रात्री मऊ कापडाने पुसत. लॉकरमध्येही फार दिवस ठेवत नसत, मोती कोरडा पडतो म्हणून. "ती बाई ठेवून गेली. जिवंत ठेवली मी," त्या म्हणाल्या. खरं तर कायद्याने गहाणाची वस्तू परवानगीशिवाय वापरताही येत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी जिथे काम करतो त्या अंधेरीच्या सीप्झमध्ये एका इमारतीत आम्ही कोड लिहितो आणि शेजारच्या इमारतींत दागिने बनतात, बहुतेक अमेरिकेत जाणारे. चहाच्या टपरीवर भेटणाऱ्या एका कारागिराने सांगितलं की त्यांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा गाळून घेतात, धातूचा कण वाहून जाऊ नये म्हणून. सुटताना झडती असते ती वेगळीच. दिवसभरात त्याने बसवलेल्या हिऱ्यांचा कण न् कण मोजलेला असतो. त्याचं नाव मात्र अंगठीबरोबर कुठेच जात नाही. शंभर वर्षांनी ती अंगठी 'अँटिक' होईल तेव्हा तिच्या प्रोव्हेनन्समध्ये न्यू जर्सीचं एखादं कुटुंब असेल. म्हणजे ही जुन्या काळातली, राजेरजवाड्यांची गोष्ट आहे असं समजून सुटका नाही. नोंद कुणाची ठेवायची आणि हिशोब कुणाचा, हे आजही त्याच पद्धतीने ठरतं.

मला सुरुवातीला मोत्याचा एक्स-रे काढायचा होता. नैसर्गिक निघाला तर अंगठीची किंमत कितीतरी पट होते, हे बोरिवलीतल्या सराफाने सांगितलं होतं. तिने साफ नकार दिला. तिचा प्रश्न होता, "मोती कल्चर्ड निघाला तर आपण त्या बाईचं कमी देणं लागतो का?" मी दोन दिवस विचार केला आणि नाही असं उत्तर आलं. गहाण हे गहाण असतं. मग एक्स-रेला काही कारणच उरलं नाही.

तरी 'देणं लागतो' म्हणजे नेमकं काय, यावर आमचं एकमत नाही. दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात यावर आहे: अपराध आणि देणं. तिने काही केलेलं नाही, आजींनीही नाही, बहुधा पणजोबांनीही नाही. अपराध वारशाने येत नाही. देणं येतं, कारण वस्तू येते. अंगठी हातात आहे तोवर ती चोपडीतली ओळही हातात आहे. यापुढे मात्र आमची वाट फुटते. मला वाटतं की धनको सापडत नाही म्हणून देणं संपत नाही, ते दुसऱ्या कुणाकडे वळवता येतं. पाणबुड्यांची नातवंडं शोधून एकेक मोती परत करणं सयाजीरावांनाही शक्य नव्हतं, पण खजिन्यातले ४१४ पौंड योग्य माणसापर्यंत पोचू शकतात. तेव्हा अंगठीचं मूल्य काढावं आणि तेवढी रक्कम कुणा मुलीच्या शिक्षणाला द्यावी. तिला हे सोयीचं वाटतं. तिच्या मते रक्कम आपण ठरवायची, घेणारी आपण निवडायची, आणि वर आपल्यालाच हलकं वाटणार, तर हे देणं फेडणं नाही, अंगठी विकत घेणं आहे, आणि तेही विक्रेत्याला न विचारता. मी वाद घातला. अजून घालतोय. तिचं म्हणणं पूर्ण बरोबर असेल तर सापडत नसलेल्या माणसाचं देणं कधीच फिटत नाही, आणि हे मला पटत नाही. पण पुरतं चूक आहे असंही म्हणता येत नाही.

एवढ्यावर जुळलं: अंगठी वितळवायची नाही, विकायची नाही, मोती वेगळा काढून नवीन घडवायची नाही. सोडवायला कुणी आलं तर १७० रुपये घ्यायचे आणि द्यायची. तोवर घालायची, कारण न घालता ती टिकत नाही. आणि विचारलं तर 'आमच्या घरातली' म्हणायचं नाही, 'आमच्याकडे असते' म्हणायचं. काकांना हा शेवटचा भाग नाटकी वाटतो.

गेल्या रविवारी तिने चोपडीत कोरं पान शोधलं. वर १९४३ची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली, खाली १९६६, आजींचं नाव. मग आजी स्वतःच सांगायला लागल्या. १९८१च्या पावसाळ्यात मोती निखळला होता. दोन दिवस घर शोधलं, शेवटी तांदळाच्या डब्यात सापडला. घाटकोपरच्या एका सोनाराकडून बसवून घेतला, मजुरी पंधरा रुपये. ती लिहीत होती. मी म्हटलं, वस्तू जपण्यासाठी केलेला जादा खर्च गहाण ठेवणाऱ्याकडून मागता येतो, कलम १७५.

"मागायचे नाहीयेत रे," आजी म्हणाल्या. "पण लिहून ठेव. पंधरा रुपये. आणि तांदळाचा डबा पण लिही."